कान कोरण्याचं सुख

कान कोरण्याइतकं फुकटचं सुख दुसरं नाही. दुपारचं जेवण झालेलं, वर पंखा फिरतोय आणि माणूस डोळे अर्धवट मिटून, तोंड किंचित वाकडं करून बसलेला. त्या वेळी त्याला हाक मारू नये. आमच्या आजोबांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात दातकोरण्याशेजारी चांदीचं कानकोरणं अडकवलेलं असे. बोटभर लांब, टोकाला मोहरी मावेल एवढी वाटी. पुढच्या पिढीकडे ते आलं नाही, सवय मात्र आली. स्कूटरची किल्ली, आगकाडी, केसातला आकडा, पेनाचं टोपण, हाताला लागेल ते कानात जातं. मुंबईच्या चौपाटीवर लाल पगडीत सळई खोचलेला माणूस मळाचा खडा काढून गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायचा, आणि गिऱ्हाईक तो अभिमानानं बघत राहायचं! हल्ली कापसाची काडी आली. तिला आपण स्वच्छतेत धरतो, एवढाच फरक. १९२० च्या दशकात ती अमेरिकेत बाजारात आली. आज तिच्याच डबीवर ‘कानात आत घालू नये’ असं छापावं लागतं.

कानातला मळ बाहेरून येत नाही. जेमतेम अडीच सेंटिमीटरच्या त्या नळीच्या बाहेरच्या भागातल्या ग्रंथी तो तयार करतात, आणि कामाचा म्हणूनच करतात. चिकट असल्यानं धूळ, किडा त्यात अडकतो. आम्लधर्मी असल्यानं जंतूंना तो मानवत नाही. शिवाय नळीची कातडी पडद्याकडून बाहेर सरकत असते, नखं वाढतात त्याच संथ चालीनं, आणि मळाला सोबत घेऊन येते. चावताना, बोलताना जबडा हलतो, त्याचीही मदत होते. भाकरी खाता खाता कान साफ होत असतो म्हणा ना. काडी हे सगळं उलटं फिरवते. मळ जिथे तयारच होत नाही, तिथे नेऊन पडद्याशी ठासते.

मग एके दिवशी डोक्यावरून अंघोळ होते, आतला मळ पाणी पिऊन फुगतो आणि कानाला दडे बसतात. आपलाच आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा घुमू लागतो. घरात लगेच वैद्यकी सुरू होते. कोणी लसणाची पाकळी घालून तेल कढवतं; त्यानं कान भाजायचीच भीती जास्त. कोणी कानात पोकळ मेणबत्ती लावून मळ ओढून घेतं म्हणे. मेणबत्तीत जे साठतं, ते तिचंच मेण.

खरा उपाय फार कंटाळवाणा आहे. ऑलिव्हचं किंवा बदामाचं तेल घ्यायचं, मनगटावर थेंब टाकला तर ना गरम ना गार लागेल इतपत. बंद कान वर करून कुशीवर पडायचं, पाळी वर-मागे ओढून दोन-तीन थेंब सोडायचे, कानासमोरचा कूर्चेचा उंचवटा हलकेच दाबायचा आणि पाच-दहा मिनिटं तसंच पडून राहायचं. दिवसातून तीन-चारदा, तीन ते पाच दिवस. औषधाच्या दुकानातले मळ मऊ करणारे थेंबही याच कामाचे. सुरुवातीला दडे वाढल्यासारखे वाटतात, आणि नेमकं तेव्हाच लोक काडी शोधायला उठतात. थांबलं, तर पंधरवड्यात मळ उशीवर नाहीतर टॉवेलवर आपणहून सापडतो. नाहीच निघाला, तर घरी पिचकारी मारत बसू नये. डॉक्टर पाणी मारतात तेही अंगाच्या उष्णतेचं. गार पाण्यानं घेरी येते.

कान दुखत असेल, वाहत असेल, पडदा फाटलेला असेल किंवा ऑपरेशन झालेलं असेल, तर तेलाचा थेंबही नको. पावसाळ्यात कान सारखा खाजतो, तेव्हाही तेलाची बाटली उघडण्याआधी दाखवून घ्यावा. कोरून ओरखडलेल्या कातडीवर दमट हवेत बुरशी पटकन धरते.

आणि ऐकू येणं एका दिवसात, एकाएकी गेलं, तर दडेच असतील असं समजून तेल घालत बसू नका. कान दुखत नसला तरी त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा. आतल्या नसेचं दुखणं असेल, तर उपचाराला फार थोडे दिवस मिळतात.