फ्लॅट गोव्यात, पाणी कुठलं?

'समुद्र दहा मिनिटांवर, समोर हिरवंगार शेत, क्लबहाउस, पूल आणि वीकेंडला स्वतःच्या घराची चावी!' पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत लंच टाइमला अशी एखादी जाहिरात फिरत असतेच. लगेच कुणीतरी ईएमआयचं गणितही मांडायला घेतं.

म्हणून या खेपेस बीच बाजूला ठेवला आणि बार्देश तालुक्यातल्या एका गावाची ग्रामसभा दाराशी उभं राहून ऐकली. विषय एकच: डोंगरउतारावर येऊ घातलेले दोनशे फ्लॅट.

गाव टिपिकल गोवन. कौलारू घरं, एकाच वळणावर तुळशीवृंदावन आणि क्रूस, भोंगा वाजवत सायकलवरून येणारा पोदेर. रस्ता एवढाच, की समोरून बस आली तर आपली गाडी कुणाच्या तरी कुंपणाला चिकटते.

सभेत आवाज चढले, पण लांबलचक भाषण कुणी ठोकलं नाही. एका आजींनी कोकणीत दोनच शब्द विचारले, "उदक खंय?" पाणी कुठंय?

प्रश्न साधा वाटतो ना? मग हिशेब करा. शहरी नियोजनात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. दोनशे फ्लॅट, प्रत्येकी चार माणसं, म्हणजे रोज १,०८,००० लिटर. दहा हजार लिटरचे अकरा टँकर! पूल आणि लॉन वेगळे. बार्देशच्या नळांना पाणी येतं अस्नोड्याच्या प्रकल्पातून आणि तिथं ते बऱ्याच अंशी पोचतं तिळारीच्या कालव्यातून. तिळारीचं धरण आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात. कालव्याला भगदाड पडलं, की इकडचे नळ कोरडे.

बरं, वापरलेलं पाणी जाणार कुठे? गोव्यातल्या बहुतेक गावांत ड्रेनेज लाइन नाही. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा, बस्स. जमीन जांभ्याची, पाणी पटकन झिरपणारी. वर शोषखड्डे आणि पायथ्याशी गावाच्या विहिरी. पुढचं सांगायला नकोच.

गोव्याला असा विरोध नवा नाही. २००६ च्या अखेरीस 'गोवा बचाव अभियान' उभं राहिलं आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला 'रिजनल प्लॅन २०११' मागे घ्यावा लागला. पुढे २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) आलं. आराखड्यातल्या 'चुका' दुरुस्त करायच्या म्हणून एकेका प्लॉटचा झोन बदलू लागला. मार्च २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठानं त्यासाठी केलेले नियम रद्द ठरवले.

दुसरी बाजूही सभेत होतीच. जमीन विकलेल्या घरातला एक मुलगा उठला. काजूच्या बागेवर घर चालत नाही, बहिणीचं शिक्षण त्याच पैशात झालं, म्हणाला. त्याला कुणी हसलं नाही. अशी वेळ बऱ्याच घरांवर आली असावी.

एक गोष्ट मात्र लक्षात आली. 'बाहेरचे नकोत' हा सभेचा सूर नव्हता. भांडण होतं क्रमाचं. आधी पाणी, मैलापाणी आणि रस्ता, मग परवाना. ठराव हात वर करून मंजूर झाला. पण झोनचा निर्णय पणजीत होतो, गावात नाही. आजींची खरी अडचण हीच आहे.

तर मंडळी, गोव्यात घर घ्यायचं स्वप्न असेल तर जरूर बघा. फक्त टोकन देण्याआधी चार प्रश्न विचारा. जमीन कोणत्या झोनमध्ये आहे आणि झोन कधी बदलला? नळजोडणी मंजूर आहे, की टँकरवर भिस्त? सांडपाणी प्रक्रिया कुठे होणार? रस्त्यावर अग्निशमनाचा बंब वळतो का?

आणि साइट व्हिजिट डिसेंबरात नको, मे महिन्यात करा. सॅम्पल फ्लॅट बघून झाला, की शेजारच्या कौलारू घराचं दार वाजवा आणि नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारा.