दुखण्याचे नाव

आमच्या रत्नागिरीचे नाव हापूस आंब्यामुळे आणि टिळकांच्या जन्मामुळे दूरवर पोचले, हे खरे. परंतु त्या नावाचा आणखीही एक उपयोग लोक करीत आले आहेत. एखाद्याचे वागणे जरा विचित्र दिसले की, "ह्याला रत्नागिरीला धाडा!" म्हणावयाचे आणि हसावयाचे. १८८६ सालापासून येथे मनोरुग्णालय आहे, त्याचा हा प्रसाद! ज्या घरावर तो प्रसंग येतो, तेथे मात्र हसणारा कोणी उरत नाही. दार लोटून घेतले जाते, आणि पाहुणे आले की एक माणूस माजघरात लपवावा लागतो.

सुमित्रा भावे यांनी आपला कॅमेरा नेला तो अशा लोटलेल्या दारांआड. १९४३ साली जन्मलेल्या ह्या बाई मूळच्या समाजसेवेच्या अभ्यासक; पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत त्या शिकवीत. झोपडपट्टीतल्या बायकांविषयी संशोधन करताना त्यांना प्रश्न पडला : जिच्याविषयी आपण लिहितो, तिलाच ते वाचता येत नसेल, तर हे संशोधन कोणासाठी? सिनेमाचे कसलेही रीतसर शिक्षण नसताना त्यांनी १९८५ साली 'बाई' हा लघुपट केला, तो ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणून. मी पडलो शाळामास्तर! फळ्यावरचे अक्षर शेवटच्या बाकापर्यंत पोचले नाही तर ते शिकवणेच नव्हे, हे मला कोणी वेगळे सांगावयास नको. म्हणूनच बाईंचा हा हट्ट मला फार आपला वाटतो.

पुढे सुनील सुकथनकर यांच्या जोडीने त्यांनी कितीतरी अनुबोधपट आणि चित्रपट केले. २००४ सालचा 'देवराई' हा स्किझोफ्रेनियावरचा. कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांनी हे दुखणे पत्नीच्या आजारपणात घरातच पाहिले होते. पुण्यात त्यासाठी संस्था काढून त्यांनी ह्या चित्रपटालाही पाठबळ दिले. अतुल कुलकर्णींचा शेष आणि त्याच्यासाठी जीव टाकणारी सोनाली कुलकर्णींची बहीण ज्यांनी पाहिली, ते त्यांना विसरणार नाहीत.

माझ्या एका मावशीच्या मुलाला विसाव्या वर्षी हे दुखणे जडले. न बोलणाऱ्यांचे बोलणे त्याला ऐकू येई. ताटात विष आहे म्हणून तो उपाशी उठे. देवाला कौल लावून झाला, अंगारे झाले. आमच्याकडे देवराईतली काटकी कोणी मोडीत नाही. तशीच ह्या गोष्टीविषयी अक्षर काढण्याची कोणाची छाती नव्हती. पुढे एका संध्याकाळी आम्ही सर्वांनी मिळून तो चित्रपट पाहिला. मावशी बराच वेळ पदराशी चाळा करीत बसली. मग म्हणाली, "म्हणजे ह्या दुखण्याला नाव आहे रे! मग औषधही असेलच की."

औषध होतेच. ह्या आजारावरचे पहिले गुणकारी औषध १९५२ साली फ्रान्समध्ये वापरात आले. ते सातासमुद्रांपलीकडून निघाले खरे. पण आमच्या मावशीच्या घराचा उंबरठा ओलांडावयास त्याला पन्नासांहून अधिक वर्षे लागली! मावसभाऊ पुरता बरा झाला असे नाही. परंतु आज तो नारळ सोलतो, सुपाऱ्या वेचतो, आणि पाहुण्यांना स्वतः पाणी आणून देतो.

बाईंनी पुढे 'नितळ'मध्ये कोड, 'अस्तु'मध्ये वार्धक्यातला स्मृतिभ्रंश आणि 'कासव'मध्ये तरुण मनाचे नैराश्य दाखवले. कोकणच्या किनाऱ्यावर घडणाऱ्या 'कासव'ला २०१६ सालचे सुवर्णकमळ मिळाले. वाळूत अंडी घालून कासवीण समुद्रात निघून जाते आणि परकी माणसे त्या अंड्यांची राखण करतात, हे आमच्या जिल्ह्यातल्या वेळासच्या लोकांना ठाऊकच आहे. जिवावर उदार झालेल्या एका पोराची तशीच राखण ह्या चित्रपटात होते. त्याला कोणी खोदून विचारीत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही, अशा माणसाला गुन्हेगार न धरता त्याची शुश्रूषा करावी, असेच म्हटले आहे.

१९ एप्रिल २०२१ रोजी बाई गेल्या. शास्त्रज्ञ औषध शोधतील, सरकार कायदा करील. पण माजघरातल्या माणसाला हाताला धरून ओटीवर आणावयाचे काम घरच्यांचेच. ह्या दिवाळीत फराळाला कोणाच्या घरी जाल, तेव्हा बाहेर न आलेल्या माणसाचीही आठवणीने चौकशी करा.