गतकुळी यंत्रे

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. अशा कारखान्याच्या शेजारी राहणाऱ्याला एक गोष्ट लवकर उमगते. काम थांबणे वेगळे आणि विझणे वेगळे. कोक भट्ट्यांत कोळसा भरावयाचा नसला, तरी त्या तापत्या ठेवाव्या लागतात. निवू दिल्यास त्यांच्या सिलिकाच्या विटा तडकतात. रिकाम्या पण तापत्या भट्टीला येथे कोणी निरुपयोगी म्हणत नाही.

संगणकाच्या बाबतीत मात्र हा विवेक आपल्याला सहज सुचत नाही. येथे पाहुणा अध्यापक म्हणून आलो, तेव्हा एका संशोधक विद्यार्थिनीला मराठी आणि छत्तीसगढी लोककथांच्या तुलनेसाठी सामाईक सर्व्हरवर एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी यंत्र, हवे होते. उत्तर आले, जागा नाही.

एकच मोठा संगणक अनेकांनी वापरावा आणि तरीही प्रत्येकाला स्वतंत्र यंत्र लाभल्यासारखे वाटावे, ही कल्पना जुनी आहे. आय.बी.एम. कंपनीने १९७२ साली व्ही.एम./३७० ह्या नावाने ती ग्राहकांपुढे ठेवली. ह्या व्यवस्थेत प्रोसेसर वाटून घेणे सोपे, कारण एकाने न वापरलेला वेळ आपोआप दुसऱ्याकडे जातो. स्मृतीचे तसे नाही. २५६ गिगाबाइट स्मृतीच्या सर्व्हरवर १६ गिगाबाइटांची १५ यंत्रे मांडली, की २४० गिगाबाइट अडकले. त्यांपैकी दहा यंत्रे महिनोन्महिने स्वस्थ बसली, तरी खास तजवीज केल्याखेरीज त्यांनी धरलेली स्मृती सुटत नाही.

सर्व्हर सांभाळणाऱ्या तरुण सहकाऱ्याने सुचविले की, ज्याचा प्रोसेसर तीस दिवस जवळजवळ शून्यावर राहिला, ते यंत्र पुसून टाकावे. सूचना न्याय्य वाटण्याजोगी होती. विद्यार्थिनीचे सत्र वाया चालले होते. पण यादी वाचताना दिसले की, त्यातील एक यंत्र शब्दकोशाचे होते. आठवड्यातून चार वेळा कोणी अर्थ विचारला तर सांगावा, एरवी वाट पाहावी, हेच त्याचे काम. दुसरे यंत्र नोकरीनिमित्त परगावी गेलेल्या एका संशोधकाचे. गावोगावी ध्वनिमुद्रित केलेली कथने त्यात होती, आणि ती सांगणाऱ्यांपैकी काही आता हयात नाहीत. तिसरे नुसतेच सोडून दिलेले. प्रोसेसरच्या आकड्यांत ही तिन्ही यंत्रे सारखीच दिसत होती.

ह्या प्रसंगी मला मराठी मुलखातील जुनी जमीनव्यवस्था आठवली. मिरासदार परागंदा झाला, तरी त्याची मिरास लगेच बुडत नसे. जमीन पडीक राहू नये म्हणून ती उपऱ्याला कसावयास देता येई. मूळ धन्याचा हक्क मात्र शिल्लक राही. घराणेच उरले नाही, तर जमीन गतकुळी ठरे. कसणे आणि मालकी ह्यांची फारकत करण्याचे शहाणपण त्या व्यवस्थेत होते. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. उपऱ्याला गावात पाऊल रोवू न देणारीही तीच. आमची विद्यार्थिनी ह्या हिशेबात उपरीच ठरली असती.

सुदैवाने आभासी यंत्राला विटा नसतात. ते निजविता येते. त्याच्या स्मृतीतील सर्व मजकूर डिस्कवर उतरतो, स्मृती इतरांसाठी मोकळी होते आणि जागे केल्यावर यंत्र होते तेथूनच पुढे चालू लागते. म्हणून आम्ही ठरविले की, प्रत्येक यंत्रापुढे धन्याचे नाव, प्रयोजन आणि मुदत लिहावी. मुदत संपल्यावर पत्र धाडावे. उत्तर न आल्यास यंत्र निजवावे, पण धन्याच्या संमतीवाचून पुसू नये. शब्दकोश जागा राहिला, कथने निजली, आणि विद्यार्थिनीला तिचे १६ गिगाबाइट मिळाले, अर्थात मुदतीसह.

हा तोडगा कायमचा नव्हे. डिस्कदेखील कधीतरी भरेल, आणि कोणते यंत्र खरोखर गतकुळी झाले, हे कोणाला तरी ठरवावेच लागेल. तो निर्णय आकड्यांवर सोपवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. ज्याने यंत्र उघडून आत काय आहे ते वाचले आहे आणि ज्याच्या नावाची नोंद आहे त्याला एकदा तरी विचारले आहे, त्यानेच ते पुसावे.