बिनफवारणीच्या चार ओळी

श्रावणातली गोष्ट. अकोले तालुक्यात राजूरच्या पुढे एका वाडीवर चारसूत्री भाताची खाचरे पाहून मी उतरत होतो. तिसऱ्या बांधावर उजवा गुडघा असा आखडला की पाय उचलेना. खाली चिखल, वर पावसाची भुरभुर. मागून येणाऱ्या सत्तरीच्या बाबांनी आपली काठी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "घ्या साहेब. बांध ढासळाया लागला की दगूड लावावाच लागतो." सगळे हसले, मीही हसलो. पण संध्याकाळी मोटारसायकलला किक मारताना डोळ्यांत पाणी आले.

माझे वय छप्पन्न. पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून तीस वर्षे बांध, ओघळी आणि माळ तुडवण्यात गेली. निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत. त्यानंतर शेवगावकडची वडिलांची सहा एकर जमीन स्वतः कसायची, एवढीच इच्छा आहे. एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, "गुडघ्याची झीज चार पायऱ्यांत मोजतात. तुमचा डावा तिसरीवर आहे, उजवा चौथीवर. उजव्यातली कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, जवळजवळ संपली आहे. पुढेमागे वाटी बदलावी लागेल."

ऑपरेशनच्या नावाने घरात धडकी भरली. तेवढ्यात मेव्हण्याने शहरातल्या एका केंद्राचे गुळगुळीत पत्रक आणून दिले. उपचार मूलपेशींचा, म्हणजे स्टेम सेलचा. कमरेच्या हाडातला मगज काढायचा, त्यातल्या पेशी गुडघ्यात टोचायच्या, की नवी गादी तयार! चिरफाड नाही. दोन्ही गुडघ्यांचा खर्च सव्वादोन लाख. पत्रकावर काठी टाकून डोंगर चढणारे एक आजोबा छापलेले. विहिरीच्या खोलीकरणासाठी ठेवलेली ठेव नेमकी तेवढीच होती. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, विहीर पुढच्या वर्षी करू. पाय धड नसले तर विहिरीवर जाणार कोण?"

खरे सांगतो, माझेही मन त्या आजोबांमागे डोंगर चढू लागले होते. कल्पना आपल्या ओळखीची वाटली. उसाच्या कांडीवरच्या डोळ्यातून अख्खा ऊस उगवतो, मग पेशीतून गादी का उगवू नये?

पण रात्री झोप येईना. एक जुना प्रसंग आठवत राहिला. श्रीगोंद्याकडच्या एका लिंबू बागायतदाराने महागडे टॉनिक फवारले. बाग फुलली आणि तो गावभर टॉनिकचे गुण गाऊ लागला. मी विचारले, "न फवारलेल्या चार ओळी कुठे आहेत?" त्या त्याने ठेवल्याच नव्हत्या. शेजारच्या बागेत जाऊन पाहिले, तर तिथे फवारणी नसतानाही तेवढाच फुलोरा! मधल्या काळात चांगला पाऊस झाला होता. गुण पावसाचा, नाव टॉनिकचे.

गुडघ्याचेही असेच असते. दुखणे आपोआप चढते, आपोआप उतरते. माणूस सुई घ्यायला जातो तो दुखणे अगदी चढल्यावर. पुढे थोडा उतार पडणारच असतो, तो सुईच्या नावावर जमा होतो. मग पत्रकातल्या आजोबांच्या बिनफवारणीच्या ओळी कुठे आहेत?

धाकटी मुलगी फार्मसीला आहे. तिने शोधून मला वाचून दाखवले. पहिली गोष्ट, माझी डोळ्याची उपमाच चुकली होती. मगजातल्या या पेशींना 'मूलपेशी' हे नाव १९९१ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञ अर्नोल्ड कॅप्लन यांनी दिले. २०१७ मध्ये त्यांनीच लिहिले की हे नाव बदला. टोचलेल्या पेशी नवा अवयव घडवत नाहीत, त्या जागी काही रसायने सोडतात. दुसरी गोष्ट, अमेरिकेत ४७५ रुग्णांवर रीतसर तुलना झाली आणि तिचा निकाल २०२३ मध्ये आला. तीन प्रकारच्या पेशी एकीकडे, नेहमीचे स्वस्त स्टेरॉइडचे इंजेक्शन दुसरीकडे. वर्षअखेर पेशीवाल्यांना काही जास्त उतार पडलेला नव्हता. २०२५ मध्ये कोक्रेन संस्थेने अशा अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. खोट्या इंजेक्शनच्या तुलनेत थोडासा फायदा होत असावा, पण तोही खात्रीचा नाही, असा त्याचा सूर आहे.

नियमांचेही पाहिले. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही आजारांतील मगज-रोपण सोडले, तर मूलपेशींचा वापर मंजूर चाचणीतच करायचा. पुढे २०२२ मध्ये बेंगळुरूच्या स्टेमप्यूटिक्स कंपनीचे, दात्यांच्या मगजातून तयार केलेले पेशींचे औषध औषध महानियंत्रकांच्या परवानगीने गुडघ्यासाठी बाजारात आले. पण ते दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या झिजेसाठी. माझा उजवा चौथीवर!

मी त्या केंद्राला फोन केला. पेशी कोणत्या? परवानगी कोणाची? चौथ्या पायरीवर काय होते? उत्तर मिळाले, "साहेब, विश्वास ठेवा. या महिन्यात सवलत आहे." सवलतीचा शब्द ऐकला आणि मला टॉनिकवाल्याचा आवाज ओळखू आला.

ठेव विहिरीला लागली. मी व्यायाम शिकवणाऱ्या बाई गाठल्या. खुर्चीत बसून पायाला वाळूची पुरचुंडी बांधायची आणि पाय सरळ करायचा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचा स्नायू म्हणजे गुडघ्याचा खरा टेकू. एक किलो वजन घटले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार हलका होतो, असे अमेरिकेत मोजले गेले आहे. चार महिन्यांत मी सहा किलो उतरलो. मांडी घालणे, उकिडवे बसणे सोडले. दुखणे गेले नाही, पण रात्रीची झोप परत आली.

उजवी वाटी मात्र निवृत्तीनंतर बदलावी लागेल. ती भीतीही आता कमी झाली आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला तेव्हा ५४,७२० रुपये ठरले, जीएसटी वेगळा. दवाखान्याचा खर्च निराळा असतो, तो आधी लेखी मागून घ्यावा.

उद्या या पेशींनी खरेच गादी उगवली, तर मी पहिल्या रांगेत उभा राहीन. शास्त्राशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते पीक येण्याआधीच पावती फाडणाऱ्यांशी.

भातकापणीला बाबांची काठी परत करायला गेलो. त्यांनी ती घेतली नाही. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या साहेब, उतरताना लागंल." ती मी ठेवून घेतली. वाचकहो, तुमच्याही घरात कोणाचा ना कोणाचा गुडघा कुरकुरत असेल. पत्रक हातात पडले तर पैसे मोजण्याआधी एवढेच विचारा, की बिनफवारणीच्या चार ओळी कुठे आहेत?