स्वमुळावरची बाग

मराठी समीक्षेत ‘मूळ’ या शब्दाइतका निर्धास्तपणे वापरला जाणारा शब्द दुसरा क्वचितच असेल. एखादी कादंबरी मुळांपासून तुटलेली असते, एखाद्या कवीची मुळे मातीत खोलवर गेलेली असतात, आणि एखादा वाङ्मयप्रकार म्हणजे परक्या झाडाचे इथे केलेले कलम असते. गेली वीसएक वर्षे मीही वर्गात हेच बोलत आलो आहे. देशीवाद शिकवताना तर या शब्दावाचून पाऊल पुढे पडत नाही. नेमाडे यांच्या मांडणीत परक्या गोष्टीच्या देशीकरणाला जागा आहे, हे मी सांगतो. पण परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ती सूक्ष्मता उरत नाही. तिथे उरते ते एवढेच, की वरचा फुलोरा बाहेरून आणता येतो, मूळ मात्र आपले असते आणि ते निवडता येत नाही. माझ्यापुरते हे गृहीतक घरच्या द्राक्षबागेने मोडले. (‘कलम’ या शब्दावर कोटी करण्याचा मोह मराठीच्या प्रत्येक प्राध्यापकाला होतो. मी तो इथेच आवरतो.)

आमचे गाव तासगाव तालुक्यात आहे. आबांनी 1981 साली लावलेली पहिली बाग स्वमुळावरची होती. म्हणजे वेलाची काडी कापून मातीत रोवायची. खाली मुळ्या तिच्याच, वर पालवीही तिचीच. वाण होता तास-ए-गणेश. आमच्याच तालुक्यातील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसनच्या बागेतून तो निवडून काढला, याचा आबांना घरच्या माणसाने पराक्रम केल्यासारखा अभिमान. थॉमसन हे नाव तरी कॅलिफोर्नियातल्या विल्यम थॉमसन नावाच्या बागायतदाराचे. त्याच्याही आधी हे बिनबियांचे द्राक्ष इराण-तुर्कस्तानाकडे किशमिश आणि सुलताना या नावांनी नांदत होते. पण आबांच्या लेखी ते सगळे बोरगावला येऊन संपत असे.

पहिली दहा-बारा वर्षे बागेने घर उभे केले. माझे पुण्यातले शिक्षण त्याच घडांवर झाले. मग विहीर आटू लागली, आबांनी बोअर मारले, आणि जे पाणी लागले ते मचूळ. आमची जमीन भारी काळी, निचरा कमी. पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. मातीच्या अर्काची क्षारता साधारण दीड डेसिसायमनच्या पुढे गेली की द्राक्षाचे उत्पन्न घटू लागते, असे शास्त्र सांगते. आबांना ते आकडे ठाऊक नव्हते. त्यांना पानांच्या करपलेल्या कडा दिसत होत्या, आणि दर ऑक्टोबर छाटणीनंतर फूट आखूड होत चाललेली दिसत होती. 1998 मध्ये त्यांनी बाग तोडली. तेव्हाचे त्यांचे वाक्य माझ्या लक्षात आहे. “पाणीच मुळावर उठलं, तर मुळानं काय करायचं?”

धाकट्या भावाने दुसरी बाग लावली ती डॉगरिजच्या खुंटावर. फेब्रुवारीत खुंटाची रोपे लावायची, ती पेन्सिलीएवढी जाड झाली की सप्टेंबरच्या सुमारास त्यांवर हव्या त्या वाणाची काडी पाचर मारून बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने आवळायची. आमच्याकडे या खुंटाला नावाने कोणी हाक मारत नाही. सरसकट ‘जंगली’ म्हणतात. आबा कित्येक दिवस धुसफुसत होते. आपल्या वेलाखाली जंगली कशाला, हा त्यांचा प्रश्न. भाऊ म्हणाला, “आबा, खायची द्राक्षं जंगलीची न्हाईत. पाणी प्यायचं काम तेवढं त्याचं.”

या जंगलीचा इतिहास मी नंतर वाचला, आणि वाचताना एखाद्या वाङ्मयप्रकाराचा प्रवास वाचत असल्यासारखे वाटले. 1860च्या दशकात फ्रान्समधल्या द्राक्षबागा अज्ञात रोगाने मरू लागल्या. मुळांवर जगणारी फायलोक्सेरा नावाची बारीक कीड हे त्याचे कारण असल्याचे 1868 मध्ये प्लांशॉं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढले. कीड अमेरिकेतून आलेली होती, आणि उपायही तिथूनच आला. अमेरिकेतल्या रानवेलींची मुळे त्या किडीसोबत जगायला शिकलेली होती. त्यांच्यावर फ्रेंच वाणांची कलमे बांधली गेली. टेक्सासमधल्या टी. व्ही. मन्सन यांनी अशा रानवेलींचा आयुष्यभर अभ्यास केला, आणि 1888 मध्ये फ्रान्सने त्यांचा सन्मान केला. डॉगरिज हा त्याच टेक्सासच्या रानातला वेल. ज्या संस्कृतीने आपल्या मातीचा आणि तिच्यातून उतरणाऱ्या चवीचा सर्वांत जास्त गवगवा केला, तिच्या बहुतेक बागा तेव्हापासून परदेशी मुळांवर उभ्या आहेत. आमच्याकडे ती कीड नाही. आम्ही तेच मूळ आणले ते खाऱ्या पाण्यासाठी आणि दुष्काळासाठी.

म्हणजे आमच्या बागेत वरचा वेल बोरगावचा आणि खालचे मूळ टेक्सासचे. समीक्षेतल्या रूपकाची ही नेमकी उलटी बाजू आहे. आपली मुळे आपल्याच जमिनीतल्या मिठाने मेली होती, आणि वरचे आपले फळ वाचवायला परके मूळ विकत आणावे लागले होते.

डॉगरिजने चांगली वर्षे दिली, हे नाकारून चालणार नाही. पण त्याचा स्वभाव माजोरी. पाणी आणि खत मिळाले की वेल नुसता पाल्यावर जातो, मंडपाखाली अंधार होतो, आणि एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत घड धरायचा तो धरत नाही. पुढे पुढे, विशेषतः 2012-13च्या दुष्काळानंतर, पाने काळवंडू लागली. देठ परीक्षणात सोडियम जास्त आणि पालाश कमी निघाले. 1997 मध्ये सुरू झालेल्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने अशा बागांचा अभ्यास केला आहे. खाऱ्या पाण्यावर डॉगरिजच्या वेलात सोडियम साठत जातो. ‘110 आर’ हा खुंट त्या मानाने तो रोखून धरतो आणि पालाश बरा उचलतो. हा खुंट दोन अमेरिकी रानवेलींचा फ्रान्समध्ये झालेला संकर आहे. त्यातला ‘आर’ रिश्टर या रोपवाटिकाकाराचा. त्याचा जोम मध्यम, म्हणून वेल आवरता येतो.

2018 मध्ये तिसरी बाग लावायची ठरली, तेव्हा सातबाऱ्यावर माझेही नाव असल्याने कर्जाच्या कागदांवर माझी सही लागणार होती. त्या निमित्ताने शेतीच्या बाबतीत आयुष्यात प्रथमच माझे मत विचारले गेले. मी काय सांगावे? आता उपसा योजनेने कृष्णेचे गोड पाणी शिवारात आले आहे, तेव्हा पुन्हा स्वमुळावरची बाग लावू या, असे मी म्हणालो. खर्चही वाचेल, हे वर जोडले. खरे कारण वेगळे होते. 1981च्या त्या बागेत माझे बालपण होते, आणि ती परत उभी राहिलेली मला पाहायची होती. आज कबूल करायला हरकत नाही की वर्गातले रूपक मी ओसरीवर आणले होते.

भाऊ शांतपणे म्हणाला, “दादा, कृष्णेचं पाणी आवर्तनाला येतंय. मधल्या महिन्यांत बोअरच हाय. आणि जमिनीत तीस वर्षांचं मीठ बसलंय, ते कुठं जाणार?” मी आधारासाठी आबांकडे पाहिले. ते म्हणाले, “स्वमुळावरची एकदा मारली मी. परत नको.” त्यानंतर त्या विषयावर घरात कोणी बोलले नाही. मी सही केली. ‘110 आर’ची रोपे आली.

खुंट जमिनीत गेला की तो दिसत नाही. त्याची ओळख रोपवाटिकेच्या शब्दावर अवलंबून असते, आणि शब्दावर विसंबण्याचे तोटे आम्हा साहित्यवाल्यांना वेगळे सांगायला नकोत. 2021 च्या उन्हाळ्यात मी गावी होतो. कलमाच्या सांध्याखालून फुटलेले खुंटाचे फुटवे भाऊ काढत होता. काढता काढता थांबला आणि त्याने दोन फुटवे माझ्या तळहातावर ठेवले. एकाचे पान चकचकीत, मूत्रपिंडाच्या आकाराचे. दुसऱ्याच्या कोवळ्या पानांवर पांढरी लव. दुसरे डॉगरिजचे होते. वरून सगळे वेल एकसारखे, घडही तसेच. मुळाने चुकून वर डोके काढले म्हणून ते सापडले. दोन प्रतींमधला पाठभेद जुळवताना डोळ्यांना जी सवय लागते ती इथे पहिल्यांदा माझ्या उपयोगी पडली. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी ओळीमागून ओळ तपासली. जवळजवळ सगळी भेसळ दोन ओळींत होती. एक्केचाळीस वेल. रोपे देणाऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, रोपं भरताना पोरांकडून मिसळली असतील.

आबा बांधावर बसून होते. किती निघाली, एवढेच त्यांनी विचारले. मी आकडा सांगितला. “काढणार?” भाऊ नाही म्हणाला. तीन वर्षांचे वेल, मंडपावर गेलेले, फळावर आलेले. ते उपटून नव्याने भरायचे तर कर्जाचा हप्ता कशातून द्यायचा? त्या दोन ओळींच्या ठिबकला त्याने वेगळा व्हॉल्व्ह बसवला, नत्र कमी केले, पालाश वाढवले, आणि ओळीच्या दोन्ही टोकांच्या खांबांना निळी दोरी बांधली.

पुढच्या मार्चमध्ये माल काढताना मी हजर होतो. मजूर बायकांना निळ्या दोरीचा अर्थ ठाऊक नव्हता, आणि कोणी तो सांगितलाही नाही. सगळे घड एकाच क्रेटमध्ये गेले. पेट्यांवर वाणाचे नाव छापलेले होते, तास-ए-गणेश. खुंटाचे नाव लिहायला पेटीवर जागा नसते.