फोटो गाडीचा की आभाळाचा?

वादळी आभाळाखालून जाणारी छोटीशी आगगाडी… असा फोटो कुठल्याही कॅलेंडरवर शोभून दिसतो. मागे काळेभोर ढग असावेत आणि मावळतीचं तिरपं ऊन नेमकं डब्यांवर पडावं, एवढाच काय तो योग. टिकतो जेमतेम दोन-चार मिनिटं! अशा वेळी उजेड मोजायचा तो उन्हातल्या डब्यांवर. ढगांवर मोजलात, तर काळं आभाळ राखाडी होतं आणि डबे पांढरेफटक पडतात.

असा योग जुळून येण्याची हक्काची जागा म्हणजे विदर्भातली ‘शकुंतला’. मूर्तिजापूरहून तिचा एक फाटा यवतमाळला, दुसरा अचलपूरला. दोन्ही मिळून सुमारे १९० किलोमीटर. वऱ्हाडातला कापूस वाहून न्यायला किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा मार्ग टाकला. दोन रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, पण या मार्गाची मालकी खासगीच राहिली. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं, मग डिझेल आलं. चाल मात्र तीच, निवांत! वाटेत फाटक आलं की गाडी थांबायची आणि गाडीवरचेच कर्मचारी उतरून ते लावायचे.

२०१५ च्या जूनमध्ये, पत्रकारितेचा डिप्लोमा करत असताना, मी कॅमेरा घेऊन दर्यापूरजवळच्या एका थांब्यावर गेले होते. नांगरून ठेवलेली काळी शेतं, पूर्वेला दाटून आलेलं आभाळ. विजा चमकायला लागल्या तशी मी छपराखाली सरकले. तिथं बियाण्याची पिशवी सांभाळत एक शेतकरी काका बसले होते.

“कायचा फोटू काढून राह्यली बाई? गाडीचा का आभायाचा?”

“दोन्हींचा, काका.”

“मंग बराबर हाय. आमालेबी दोन्ही वक्तावर लागते!”

मला जो देखावा वाटत होता, तो त्यांचा हिशेब होता. तिथली कपाशी बहुतेक पावसाच्याच भरवशावर. ढग आले आणि न बरसता गेले, की दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचा खर्चही दुप्पट. आणि गाडी? एसटीपेक्षा कितीतरी स्वस्त तिकिटात बाजाराला, दवाखान्यात, लेकीच्या घरी पोचवणारी. गाडी आली, ऊनही आलं. मी दोन पावलं मागे सरले आणि पिशवी उचलून डब्याकडे निघालेल्या काकांनाही चौकटीत घेतलं.

पुढच्या काही वर्षांत दोन्ही फाट्यांवरची गाडी बंद झाली. ती पुन्हा सुरू व्हावी, अशी मागणी त्या भागातून होत आली आहे.

गवतात बुडालेले रूळ आणि त्यावर झुकलेलं पावसाळी आभाळ… फोटो सुरेखच येतो. पण तो पाहून कुणी ‘किती छान!’ म्हटलं, की मी हळूच दुसरा फोटो पुढे सरकवते. पिशवीवाल्या काकांचा. मग हमखास प्रश्न येतो, “हे आता कशानं जात असतील हो?”

हा प्रश्न कुणाला तरी पडावा, म्हणून तर फोटो काढायचा.