दामसेनाचा मुलगा

प्राचीन नाण्यांचा संग्रह म्हटला की संस्थानिकांच्या तिजोऱ्या आणि गुप्तांच्या सुवर्णमुद्रा डोळ्यांपुढे येतात. उज्जैनच्या एका शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या मराठी गृहस्थांना १९७६ साली हा नाद लागला, तेव्हा त्यासाठी त्यांच्यापाशी महिन्याकाठी वीस रुपये होते. तेवढ्यात सोने नव्हे, सोन्याचे स्वप्नही येत नाही. त्यांनी प्रारंभ केला तो तांब्यापासून. अधिक आणि त्याच्या चार टोकांना चार वर्तुळे असे उज्जयिनीचे प्रसिद्ध चिन्ह असलेली झिजकी नाणी त्यांनी सात-आठ जमवली, आणि मग त्यांचे मन उडाले. त्यांतल्या एकावरही अक्षर नव्हते. भाषेच्या माणसाला मुकी नाणी किती दिवस पुरणार?

अक्षरासाठी ते क्षत्रपांकडे वळले, आणि अल्प द्रव्याच्या संग्राहकाने यापेक्षा शहाणी निवड क्वचितच केली असेल. टॉलेमीने ओझीनी ही तिअस्तनीसची राजधानी म्हणून नोंदवली आहे. ही ओझीनी म्हणजे उज्जयिनी आणि तो तिअस्तनीस म्हणजे चष्टन. त्याच्या वंशजांनी दोन ग्रॅमच्या आसपास वजनाची चांदीची नाणी इतक्या विपुलतेने पाडली की ती आजही सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेलेली नाहीत. दर्शनी बाजूस राजाचे मस्तक, त्याभोवती अर्थ हरवून केवळ नक्षी बनलेली ग्रीक अक्षरे; पाठीमागे तीन कमानींचा पर्वत, चंद्र, सूर्य, खाली नदीची नागमोडी रेघ, आणि सभोवार ब्राह्मी लेख. त्या लेखात राजाचे नाव असते, त्याच्या बापाचे असते, दोघांची पदे असतात. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून मस्तकामागे शकवर्षही येऊ लागते. नाव, पितृनाम आणि वर्ष इतके एकत्र देणारी नाणी प्राचीन भारतात फार थोडी.

‘राज्ञो महाक्षत्रपस रुद्रसीहस पुत्रस राज्ञो महाक्षत्रपस रुद्रसेनस’ हा लेख त्यांनी पहिल्यांदा स्वतः लावला, तेव्हा त्यांच्यातला व्याकरणाचा शिक्षक थबकला. ‘राज्ञो’ शुद्ध संस्कृत, आणि लगेच षष्ठीचा ‘स’ मात्र प्राकृत! याच वंशातल्या रुद्रदामनाने जुनागढच्या खडकावर शक ७२च्या सुमारास प्रौढ संस्कृत गद्य कोरविले. टाकसाळीत तेच घराणे दोन भाषांच्या उंबरठ्यावर पिढ्यान्‌पिढ्या उभे राहिले. वर्गात ही संधिरेषा समजावून सांगायला एक तास लागे. नाणे हातात दिल्यावर एक मिनिट पुरे होई.

नाण्यांआधी पुस्तक, हा नियम त्यांनी ठोकर खाऊन शिकला. नहपानाच्या नाण्यावर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा ठसा मारलेले एक नाणे त्यांनी चार महिन्यांच्या बचतीतून घेतले. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला सापडलेल्या साठ्यात अशी हजारो नाणी होती, तेव्हा एखादे आपल्यापर्यंत येणे अशक्य नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. भिंगाखाली कडेवर साच्याची बारीक शिवण दिसली आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खळगे. ते नाणे ओतीव होते. मग त्यांनी रॅप्सनची १९०८ची सूची ग्रंथालयात बसून वहीत उतरवून काढली. तिला चार सुट्ट्या लागल्या. खोटे नाणे त्यांनी टाकले नाही. खऱ्यांच्याच डबीत, वेगळ्या कागदात ते राहिले.

१९८०च्या आरंभी जगभर चांदीचे भाव कडाडले. घराघरांतली मोड सराफ्यात येऊ लागली. एका ओळखीच्या सराफाने त्यांना बोलावून कापडावर एक ढीग ओतला. तीनशेहून अधिक क्षत्रप नाणी होती. “मास्टरसाब, शनिवारी सगळा माल भट्टीत जाणार. हवी ती वजनाच्या भावाने घेऊन जा.” विकणाऱ्याने घरातली जुनी म्हणून दिली होती म्हणे. नाण्यांच्या खोबणींत मात्र ओली माती होती. भूमीत सापडलेला दहा रुपयांवरील ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा, असे १८७८चा कायदा सांगतो. हे मास्तरांना ठाऊक होते. कळवले तर शनिवारची भट्टी आजच पेटेल, हेही ठाऊक होते. ते गप्प राहिले.

महिनाअखेर होती. शंभर रुपयांत अठरा नाणी आली. उरलेल्यांसाठी त्यांनी तीन संध्याकाळी दुकानात बसण्याची परवानगी मागितली आणि वही उघडली. त्यांनी आधी सुबक नाणी वेचली नाहीत. ज्यांच्यावर वर्ष वाचता येते ती घेतली, कारण शंभराचे, दशकाचे आणि एककाचे चिन्ह स्वतंत्र असल्याने एक रेघही इतिहास बदलू शकते. ठसा मोठा आणि चकती लहान, म्हणून निम्मा लेख बहुधा नाण्याबाहेरच पडलेला असतो. अक्षरांवरच्या मात्रा तर हमखास. तिसऱ्या संध्याकाळी वीज गेली, कंदील आला. एकशे चौदा नाण्यांच्या नोंदी झाल्या. बाकीची न वाचताच वितळली.

ती वही आजही आहे. शाई विटली आहे, अक्षर शेवटच्या पानांवर घाईचे आहे. भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढायला हवे होते, असे ते पुढे अनेकदा म्हणत. कायद्याविषयी बोलत नसत. शेवटची नोंद, क्रमांक ११४, अशी आहे: ‘राज्ञो महाक्षत्रपस दामसेनस पुत्रस राज्ञो महाक्षत्रपस’, आणि पुढे नाव चकतीबाहेर. दामसेनाच्या चार मुलांनी नाणी पाडली. त्यांपैकी वीरदामन् केवळ क्षत्रपच राहिला. म्हणजे यशोदामन्, विजयसेन किंवा दामजदश्री. मस्तकामागचे वर्ष पाहिले असते तर प्रश्न सुटण्याचा संभव होता. समासात मास्तरांनी पेन्सिलीने लिहिले आहे, ‘अंक उद्या उजेडात पाहावा.’ त्याखाली शुक्रवारची तारीख आहे.